पार्किंग भाड्यानं देताय? मग दोन पानं लिहाच

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एका खांबाला टेकून एक करडी गाडी सात महिने उभी होती. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली, वायपरखाली बदामाची वाळलेली पानं अडकलेली, बॉनेटवर मांजरीच्या पावलांचे ठसे. जागा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. काका गेल्यावर त्यांनी घरची गाडी विकली आणि रिकामी जागा शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाला महिना अडीच हजारांनी दिली. बोलणं जिन्यात झालं, पैसे एक तारखेला फोनवर यायचे. मुलाला बंगळुरात नोकरी लागली, तो गेला. दोन महिन्यांनी पैसे थांबले आणि गाडी तिथेच राहिली.

मी तेव्हा कमिटीवर सेक्रेटरी होतो. विचारलं, "काकू, तुम्ही काही लिहून घेतलंय का त्याच्याकडून?"

"अरे, एवढ्याशा जागेचा कसला करार?"

गाडी त्यांची नव्हती, म्हणून हलवता येत नव्हती. जागा त्यांची, पण दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती. रोज सकाळी दूध घ्यायला उतरल्या की त्या गाडीकडे बघून वर जायच्या. मला ते बघवत नसे.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत आलोय की जागा लहान म्हणून करार टाळू नका. फ्लॅटला भिंती असतात, दार असतं, कुलूप असतं. कुठून कुठवर कोणाचं ते डोळ्यांना दिसतं. पार्किंगला असते जमिनीवर रंगानं ओढलेली एक चौकट, तीही दोन पावसाळ्यांत पुसट होते. फ्लॅटमध्ये जे काम भिंती करतात ते इथे कागदाला करावं लागतं. कोणती जागा, कोणती गाडी, किती दिवस आणि शेवटी गाडी निघणार कशी, एवढं त्यावर स्पष्ट हवं. वकिलाकडून लिहून घेतलंत तर उत्तमच, पण आपल्याला काय हवंय ते आधी आपल्याला कळलेलं बरं.

जागा द्यायचा हक्क आहे का?

करारात जागा देणारा तो ‘लिहून देणार’ आणि गाडी लावणारा तो ‘लिहून घेणार’. ‘लिहून देणार’ म्हणून ज्याचं नाव येतं, त्याला ती जागा द्यायचा हक्क असायला हवा. पार्किंगच्या बाबतीत हे वाटतं तितकं सरळ नाही.

३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्याचा निकाल दिला. सोसायटी मुंबईतल्या दहिसरची. बिल्डरचं म्हणणं होतं की इमारतीखालचं, खांबांमधलं स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेजच, आणि ते मी फ्लॅटपासून वेगळं विकू शकतो. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. १९६३ च्या मोफा कायद्याखाली, म्हणजे बिल्डरनं फ्लॅट कसे विकायचे ते ठरवणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, स्टिल्टची जागा गॅरेज ठरत नाही. ती आणि उघड्यावरचं पार्किंग इमारतीच्या सामाईक जागेतच येतं, असं न्यायालयानं सांगितलं. पुढे बिल्डर आणि बांधकाम प्रकल्पांवर नियमन ठेवणारा २०१६ चा रेरा कायदा आला. त्यात गॅरेज म्हणजे वर छत आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा. उघडं पार्किंग मात्र सामाईकच ठेवलं. महाराष्ट्राच्या रेरा नियमांनी बेसमेंट, स्टिल्ट, पोडियम (इमारतीच्या पायथ्याचा उंच चौथरा) आणि यांत्रिक पार्किंग यांना ‘आच्छादित पार्किंग’ असं वेगळं नाव दिलं. म्हणून नव्या इमारतींच्या करारनाम्यात फ्लॅटबरोबर आच्छादित पार्किंगचा नंबर लिहिलेला सापडतो. उघड्या जागेची विक्री तिथेही चालत नाही.

आता हे आपल्या भाड्याच्या करारात कुठे बसतं ते बघा. नव्या इमारतीत तुमच्या करारनाम्यात पार्किंगचा नंबर असेल, तर कराराला तो आधार द्यायचा. जुन्या इमारतीत बहुतेक वेळा सोसायटीनं वाटप करून दिलेली जागा असते. तिथे तुमच्याकडे आहे तो वापरायचा हक्क. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, साफ लिहिलंय की सोसायटीनं दिलेली पार्किंगची जागा सभासदाला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. भाड्यानं देणं म्हणजे विक्री नव्हे हे खरं, पण सोसायटीला अंधारात ठेवून बाहेरच्या माणसाची गाडी आत आणलीत तर पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय तुमचाच असतो. आणि त्यात सभासदांची चूक नसते. रात्री अकरा वाजता अनोळखी गाडी फाटकातून आत यायला लागली की लोकांना काळजी वाटणारच.

म्हणून करार लिहायच्या आधी कमिटीला दोन ओळींचं पत्र द्या आणि लेखी ना हरकत घ्या. बऱ्याच सोसायट्या आपल्यातल्या आपल्यात, म्हणजे एका सभासदानं दुसऱ्या सभासदाला किंवा त्याच्या भाडेकरूला जागा द्यायला हरकत घेत नाहीत. बाहेरच्याला मात्र नको म्हणतात. काही ठिकाणी दर वर्षी चिठ्ठ्या टाकून जागा बदलतात. तिथे मार्चमध्ये जागा बदलणार असेल आणि तुम्ही ऑगस्टमध्ये अकरा महिन्यांचा करार केलात, तर शेवटचे चार महिने तुम्ही दुसऱ्याचीच जागा भाड्यानं दिलेली असेल. कराराची मुदत आपल्या हक्काच्या मुदतीच्या आत हवी.

जागा भाड्यानं घेणाऱ्यानंही हे कागद मागायला लाजू नये. खांबावर रंगवलेला नंबर म्हणजे पुरावा नव्हे. सोसायटीच्या नोंदवहीत तो नंबर कोणत्या फ्लॅटपुढे आहे ते बघावं. आमच्याकडे रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्यानं सात आणि आठ उलटे रंगवले होते, आणि दीड वर्ष दोन कुटुंबं एकमेकांच्या जागेत गाडी लावत होती.

भाडेपट्टा की परवानगी?

लोक बोलताना ‘भाड्यानं दिलं’ म्हणतात, पण कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भाडेपट्टा. त्यात जागेचा ताबा आणि तिच्यावरचा हक्क काही काळासाठी दुसऱ्याकडे जातो. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये आहे. दुसरी गोष्ट परवानगी, म्हणजे आपण रोज म्हणतो ते लीव्ह अँड लायसन्स. ती त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. यात जागा तुमचीच राहते, दुसऱ्याला तिथे ठरलेली गोष्ट करायची मुभा मिळते. पार्किंगसाठी जवळजवळ नेहमी हीच हवी असते: जागा माझी, तुम्ही गाडी उभी करा.

पण वर ‘लायसन्स’ असं ठळक लिहिलं की झालं, असं नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका हॉटेलातल्या दोन खोल्यांचं प्रकरण आलं होतं. तिथे एक गृहस्थ केशकर्तनालय चालवत. कागदावर लायसन्स लिहिलेलं होतं, पण खोल्या पूर्णपणे त्यांच्या ताब्यात होत्या. बहुमतानं न्यायालय म्हणालं, कागदाचं नाव काहीही असो, आतला व्यवहार भाडेपट्ट्याचा आहे. तेव्हा आपल्या करारातला व्यवहार खरोखर परवानगीचाच आहे हे मजकुरातून आणि वागण्यातूनही दिसायला हवं. मी असं लिहायला सांगतो:

‘लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना परिशिष्टात वर्णन केलेल्या जागेत खाली नमूद केलेले एकच वाहन उभे करण्याची परवानगी दिली आहे. जागेचा कायदेशीर ताबा लिहून देणार यांच्याकडेच राहील. या करारामुळे भाडेकरू हक्क किंवा अन्य कोणताही हितसंबंध निर्माण होणार नाही. लिहून घेणार जागेला कुंपण, पत्रा किंवा दार लावणार नाहीत.’

हल्ली मधोमध घडीचा लोखंडी खांब बसवून त्याला कुलूप लावतात. तो असेल तर त्याची एक किल्ली जागेच्या मालकाकडे राहील असं लिहा. एकच किल्ली आणि तीही गाडीवाल्याकडे, म्हणजे उद्या तो म्हणू शकतो की ताबा माझाच होता.

याच सुविधाधिकार कायद्यात दोन बारकावे आहेत जे फार कमी लोकांना ठाऊक असतात. कलम ५६ सांगतं की परवानगी ज्याला दिली त्याचीच. करारात वेगळं म्हटलं नसेल तर ती दुसऱ्याला देता येत नाही आणि त्याच्या नोकरालाही वापरता येत नाही. म्हणजे अक्षरशः बघायचं तर ड्रायव्हरनं गाडी लावायलाही करारात आधार हवा. म्हणून ‘लिहून घेणार, त्यांचे कुटुंबीय व त्यांचा चालक’ एवढे शब्द घाला, आणि पुढेच ‘अन्य कोणासही ही जागा वापरण्यास देता येणार नाही’ हेही घाला. दुसरं कलम ५९. तुम्ही फ्लॅट विकलात तर नवा मालक या परवानगीनं बांधला जात नाही. गाडीवाल्याच्या दृष्टीनं हे धोक्याचं आहे, कारण त्याची अनामत जुन्या मालकाकडे आणि जागा नव्याकडे. त्यानं एक वाक्य मागून घ्यावं: फ्लॅट विकायचा झाल्यास एक महिना आधी लेखी कळवणार आणि करार संपताच अनामत परत देणार.

जागेचं वर्णन

इथे हात राखू नका. भरपूर लिहा. इमारतीचं नाव, विंग, मजला किंवा बेसमेंटची पातळी, पार्किंग नंबर, लांबी-रुंदी, डावी-उजवीकडे काय आहे. जमिनीच्या कागदात चतुःसीमा लिहितात, तसंच. ‘पूर्वेस खांब, पश्चिमेस पार्किंग क्र. ८, उत्तरेस भिंत, दक्षिणेस येण्याजाण्याचा रस्ता.’ दिवसाउजेडी काढलेला फोटो छापून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

लांबी-रुंदी का, तर राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या जागेचं माप २.५ मीटर बाय ५ मीटर धरलंय. जुन्या इमारतींत यापेक्षा लहान चौकटी सर्रास दिसतात. स्विफ्ट ३.८६ मीटर लांब, ती कुठेही बसते. स्कॉर्पिओ एन ४.६६ मीटर लांब आणि आरसे सोडून १.९ मीटरहून जास्त रुंद. दोन खांबांमध्ये ती घातली की दार उघडायला जागा उरत नाही आणि शेजारच्याच्या गाडीवर ओरखडा येतो. करारात गाडीचा नोंदणी क्रमांक आणि मॉडेल लिहायचं ते यासाठी. गाडी बदलली तर आधी लेखी कळवून संमती घ्यायची. ‘कोणतीही चारचाकी’ असं लिहून ठेवलंत की छोट्या गाडीच्या जागी एक दिवस टेम्पो येऊन उभा राहतो.

दोन मजली यांत्रिक पार्किंग असेल तर वर की खाली, गाडीची उंची आणि वजन किती चालतं, आणि वरची गाडी काढायला खालची हलवावी लागते का, हे सगळं लिहा. एकामागे एक गाड्या लागत असतील तर मागच्याचा फोन पुढच्याकडे हवा. आणि पुण्या-मुंबईच्या इमारतीत हमखास असणारी गोष्ट म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. ते पुष्कळदा कुणाच्या तरी पार्किंगमध्येच असतं. टाकी धुवायची, टँकर आला, ड्रेनेज तुंबलं की गाडी हलवावी लागते. ‘सोसायटीच्या कामासाठी आदल्या दिवशी कळवल्यास गाडी तात्पुरती हलवावी’ एवढं आधी लिहिलेलं असलं की त्या दिवशी सकाळी सातला आरडाओरडा होत नाही.

पैसे, स्टँप आणि नोंदणी

दरमहा किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात. अनामत किती, परत कधी. सोसायटी पार्किंगसाठी जे शुल्क लावते ते कोण भरणार, हे लिहायला लोक हमखास विसरतात. पावती किंवा बँकेची नोंद राहील असेच पैसे घ्या. हे उत्पन्न आहे, तेव्हा विवरणपत्रात दाखवायचं.

आता त्या प्रसिद्ध अकरा महिन्यांबद्दल. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात मात्र त्यानं सुटका होत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि त्याहून मोठी गोष्ट: वाद झाला तर अटींबद्दल समोरचा जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

हा कायदा ‘जागा’ कशाला म्हणतो? इमारत किंवा तिचा भाग, आणि इमारतीला जोडून असलेली बाग, आवार, गॅरेज. नुसत्या मोकळ्या जमिनीचा त्यात उल्लेख नाही. मला विचाराल तर गॅरेज, स्टिल्ट, बेसमेंट, पोडियम असेल तर सरळ नोंदणी करावी. स्वतंत्र मोकळा प्लॉट असेल तर वाद होऊ शकेल, पण तिथेही लेखी करार आणि मुद्रांक हवाच. खर्च फार नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. महिना ३,००० प्रमाणे ११ महिन्यांचे ३३,०००. परत मिळणारी अनामत १०,००० असेल तर तिचे वर्षाला १० टक्के, म्हणजे १,०००. एकूण ३४,००० वर ०.२५ टक्के म्हणजे ८५ रुपये, शंभराच्या घरातली गोष्ट. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. आधारवर अंगठा देऊन घरबसल्या होते.

चोरी, ओरखडा, पावसाचं पाणी

‘गाडी आपल्या जबाबदारीवर लावावी’ हे वाक्य सगळेच घालतात. ते कुठवर चालतं ते समजून घ्या. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात १९९८ मध्ये पाहुण्यानं गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी तिथून चोरीला गेली. टोकनवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलेलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतलीत की तिची राखण करणं आलं. निष्काळजीपणा झाला असेल तर छापील वाक्याआड लपता येत नाही.

घरगुती पार्किंगमध्ये याचा अर्थ सोपा आहे. गाडीची किल्ली घेऊच नका. ‘गाडी हलवायला सोपं पडेल, वॉचमनकडे एक किल्ली ठेवतो’ असं प्रेमानं म्हणतात, पण तिथेच जबाबदारीचं पारडं फिरतं. करारात लिहा की गाडी किंवा किल्ली राखणीसाठी घेतलेली नाही, विमा चालू ठेवणं गाडीवाल्याकडे, आणि गाडीमुळे इमारतीचं किंवा शेजारच्या गाडीचं नुकसान झालं तर भरपाई त्याची. उलट बाजूनं मालकानंही प्रामाणिकपणे सांगावं. जुलैत बेसमेंटमध्ये पाणी शिरतं, वरच्या पाइपातून चुन्याचं पाणी ठिबकतं आणि टपावर पांढरे डाग पडतात, हे ठाऊक असूनही गप्प बसणं बरोबर नाही. ते कराराच्या आधी सांगा आणि करारातही लिहा.

गाडी नळीनं धुवायची नाही, पेट्रोलचे कॅन किंवा जुने टायर ठेवायचे नाहीत, इलेक्ट्रिक गाडी सोसायटीच्या दिव्याच्या जोडणीवर चार्ज करायची नाही. चार्जर बसवायचाच असेल तर सोसायटीची परवानगी, वेगळा मीटर आणि तो काढून नेण्याचा खर्च कोणाचा, हे ठरवून घ्या.

गाडी निघणार कशी

काकूंची सगळी फरफट इथे झाली, म्हणून यावर थोडं जास्त.

राहत्या घराचं लायसन्स संपलं आणि माणूस निघाला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा लवकरचा रस्ता आहे. तो राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरता आहे. पार्किंगला नेहमीच्या कोर्टाचा रस्ता धरावा लागतो. म्हणून शेवटची कलमं इतकी घट्ट लिहा की कोर्टापर्यंत जायची वेळच येऊ नये. मुदत तारखेसह: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. आपोआप वाढ नाही. मधेच संपवायचं झालं तर कोणत्याही बाजूनं ३० दिवसांची लेखी नोटीस, आणि नोटीस कोणत्या पत्त्यावर, कोणत्या फोनवर आणि ईमेलवर पाठवली की पोचली समजायची तेही. परवानगी संपल्यावर सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो असं सुविधाधिकार कायद्याचं कलम ६३ म्हणतं. तो किती, ते आपणच लिहून टाकायचं, म्हणजे ‘वाजवी’ कशाला म्हणायचं यावर भांडण नाही. सात दिवस पुरतात.

त्यानंतरही गाडी उभी राहिली तर रोजची भरपाई लिहा. पण ती अंदाजानं फुगवू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. कोर्ट वाजवी तेवढीच देतं. महिना तीन हजारांच्या जागेला दिवसाला दोनशे समजण्यासारखे आहेत, पाच हजार नाहीत. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घेतली तर ही भरपाई तिच्यातून वळती करता येते. आणि काही झालं तरी रागाच्या भरात क्रेन बोलावू नका, चाकाला साखळी घालू नका. नोटीस द्या, सोसायटीला कळवा, गाडी बेवारस वाटत असेल तर पोलिसांना लेखी कळवा.

एक कलम मी काकूंच्या अनुभवानंतर घालायला लागलो: ‘लिहून घेणार परगावी गेल्यास गाडी हलवण्यास अधिकार असलेल्या एका स्थानिक व्यक्तीचे नाव, पत्ता व फोन सोबत जोडला आहे.’ त्या मुलाचा मित्र कर्वेनगरात राहत होता, गाडीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती. आम्हाला हे कळायला सात महिने लागले. एका रविवारी तो हवेचा पंप घेऊन आला आणि बॅटरी जोडून वीस मिनिटांत गाडी बाहेर काढली.

काकूंनी पुढच्या महिन्यात जागा चौथ्या मजल्यावरच्या ताईंना दिली. दोन पानांचा करार, फोटो जोडलेला, नोंदणी झालेली. सहीच्या आधी काकूंनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली आणि एक वाक्य स्वतः घालायला लावलं: गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त एका जागी उभी राहणार असेल तर आधी कळवावं.